मुकी सरकारे, बोलती माणसे

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला लागतो न लागतो तोच शहरातल्या एखाद्या मोकळ्या जागेत तिबेटी मंडळींची लोकरी कपड्यांची दुकाने थाटली जातात. आपण सहकुटुंब तिथे जातो, धाकट्याच्या पाठीला स्वेटर लावून माप बघतो, भाव कमी करण्यासाठी थोडी हुज्जत घालतो आणि पुडके घेऊन घरी येतो. विकणाऱ्या बाईंना त्यांचे गाव विचारण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. विचारले तर कदाचित त्या म्हणतील, ‘आम्ही महाराष्ट्रातल्याच!’ कारण पूर्व विदर्भात, गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावाजवळ, नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत गेली पन्नासाहून अधिक वर्षे नांदते आहे. तिथे जन्मलेल्या मुलांनी ल्हासा पाहिलेले नसते; नवेगावबांधचा तलाव मात्र पाहिलेला असतो.

चिनी माणसाशीही आपली एक घरगुती ओळख आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैनिकांची शुश्रूषा करता करता १९४२ साली तिथेच वारले. लग्न त्यांनी चिनी मुलीशी केले होते. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर काढलेला बोलपट आपल्या वडीलधाऱ्यांनी डोळे पुसत पाहिला. पुढे १९६२ साल उजाडले आणि ही ओळख एका रात्रीत पुसली गेली. चीन म्हणजे एक डोके आणि एक मूठ, आणि तिबेटी म्हणजे डोळे मिटून जपमाळ ओढणारा भोळा जीव, अशी दोन ठोकळेबाज चित्रे आपण मनाच्या भिंतीवर टांगली. ती अजून तिथेच लोंबताहेत.

आज वाचकांपुढे मला एक साधा प्रश्न ठेवायचा आहे. सरकारांना क्षणभर बाजूला ठेवले, तर ही चिनी आणि तिबेटी माणसे एकमेकांशी बोलतात का? बोलत असतील तर स्वातंत्र्याविषयी, माणसाच्या हक्कांविषयी काय बोलतात? उत्तर असे की बोलतात; कधी पत्रातून, कधी वादातून, कधी कोर्टातून. आणि ज्यांनी मनापासून बोलायचे ठरवले, त्यांनी त्याची जबर किंमत मोजली.

* * *

बोलणे सुरू करायचे तर दोघांचे शब्द तरी सारखे हवेत. इथे पहिल्याच शब्दावर गाडे अडते. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सेना तिबेटच्या पूर्व भागात शिरली आणि २३ मे १९५१ रोजी बीजिंगमध्ये सतरा कलमी करारावर सह्या झाल्या. चीनच्या इतिहासात याचे नाव आहे ‘शांततामय मुक्ती’. १० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला, १७ मार्चच्या रात्री दलाई लामा राजवाड्यातून निसटले आणि महिनाअखेरीस भारताच्या हद्दीत पोचले. तेव्हापासून परागंदा तिबेटी लोक १० मार्च पाळतात. चीनच्या पंचांगात मात्र महत्त्व आहे ते २८ मार्चला. १९५९ साली त्या दिवशी ल्हासाचे जुने सरकार बरखास्त झाले, म्हणून २००९ पासून तो दिवस तिबेटात ‘भूदास मुक्तिदिन’ म्हणून साजरा होतो. अवघ्या अठरा दिवसांचे अंतर. पण एका घरी सुतक आणि दुसऱ्या घरी तोरण!

सामान्य चिनी माणूस दुष्ट आहे म्हणून हे तोरण लावतो असे समजू नये. त्याला शाळेत शिकवलेले असते की आपल्या माणसांनी डोंगरातल्या दासांना मोकळे केले, रस्ते बांधले, दवाखाने काढले. यातले सगळेच खोटे नाही. जुन्या तिबेटात उमरावांच्या आणि मठांच्या जमिनीला जखडलेली कुळे होती, आणि सुधारणा हव्याच होत्या हे दलाई लामाही सांगत आले आहेत. पण ज्याला सोडवले त्याला तुला सुटायचे होते काय, कसे सुटायचे होते, असे कोणी विचारलेच नाही. विचारण्याची ही राहून गेलेली गोष्ट हेच सगळ्या भांडणाचे मूळ आहे.

तिबेटी भाषेत ‘रांगझेन’ आणि ‘रांगवांग’ असे दोन शब्द आहेत. रांगझेन म्हणजे देशाचे स्वातंत्र्य. रांगवांग म्हणजे माणसाची मोकळीक. मराठीत आपण दोहोंसाठी एकच शब्द वापरून भागवतो. दलाई लामांनी १९८८ साली युरोपीय संसदेत आपली ‘मध्यम मार्गा’ची योजना मांडली. चीनमधून फुटून निघण्याचा आग्रह सोडून, आपला धर्म, आपली भाषा, आपला कारभार सांभाळण्यापुरती खरी स्वायत्तता मागावी, असा तिचा अर्थ. तरीही तिबेटी माणसाने ‘मोकळीक’ म्हटले की चिनी माणसाला ‘फाळणी’ ऐकू येते. आणि धर्मशाळेतल्या पुष्कळ तरुणांना रांगझेनच हवे आहे, हेही तितकेच खरे. बोलणाऱ्याचे तोंड आणि ऐकणाऱ्याचे कान यांच्या मध्ये इतका मोठा डोंगर आहे.

* * *

या डोंगरावरून पहिला मोठा आवाज आला तो बाहेरून नव्हे, घरातूनच. दहावे पंचेन लामा १९५९ नंतर तिबेटातच राहिले होते आणि बीजिंगने त्यांना मानाचे स्थान दिले होते. अवघ्या चोविसाव्या वर्षी, मे १९६२ मध्ये, त्यांनी पंतप्रधान चौ एन लाय यांना एक अर्ज सादर केला. चिनी लिपीत त्याची अक्षरे सत्तर हजार भरली, म्हणून ‘सत्तर हजार अक्षरांचा अर्ज’ हेच त्याचे नाव पडले. उपासमार, मठांची नासधूस, सरसकट धरपकड असे डोळ्यांनी पाहिलेले सगळे त्यांनी त्यात लिहिले. भाषा बंडखोराची नव्हती. पक्षावर विश्वास असलेल्या माणसाची होती. प्रथम चौ एन लाय आणि अल्पसंख्य जमातींचे खाते सांभाळणारे ली वेईहान यांनी तक्रारी ऐकून घेतल्या, काही मान्यही केल्या. मग वारे फिरले. पंचेन लामांची भर सभेत अवहेलना झाली आणि पुढे १९७७ पर्यंतची बरीच वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. ऐकून घेणारे ली वेईहान यांचेही पद गेले. बोलणारा तिबेटी आणि ऐकणारा चिनी दोघेही एकाच वरवंट्याखाली आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

तशीच गोष्ट फुन्त्सोक वांग्याल यांची. हे गृहस्थ तिबेटातले आद्य कम्युनिस्ट. १९५४ साली तरुण दलाई लामा माओंना भेटले तेव्हा मध्ये बसून दुभाष्याचे काम यांनी केले. दोन्ही भाषा येणारा, दोन्ही बाजूंचा भरवसा असलेला असा माणूस विरळा. त्याला १९६० मध्ये उचलले आणि अठरा वर्षे तुरुंगात ठेवले. दुभाष्यालाच कोंडले, मग बोलणे कोण कोणाशी करणार? सुटल्यावरही या माणसाने कडवटपणा धरला नाही. म्हातारपणी चीनच्या राष्ट्राध्यक्षांना पत्रे लिहून ते विनवीत राहिले की दलाई लामांना परत येऊ द्या, दोन्ही समाजांचे त्यातच हित आहे. २०१४ साली ते वारले. पत्रांचा उपयोग झाला नाही.

एकदा मात्र खुद्द सत्तेच्या गादीवरून वेगळा सूर निघाला होता. मे १९८० मध्ये पक्षाचे प्रमुख हू याओबांग ल्हासाला गेले, लोकांचे दारिद्र्य पाहून अस्वस्थ झाले, आणि हजारो अधिकाऱ्यांच्या सभेत त्यांनी कानउघाडणी केली. चिनी अधिकाऱ्यांची संख्या कमी करा, तिबेटी भाषेला मान द्या, लोकांना करात सूट द्या, असा त्यांचा रोख होता. काही वर्षे तिबेटला खरोखरच थोडा श्वास घेता आला. पण १९८७ च्या आरंभी हू स्वतःच पदच्युत झाले.

* * *

आता १९८९ सालाकडे पाहू. त्या साली मार्चमध्ये ल्हासात निदर्शने झाली, गोळ्या चालल्या आणि लष्करी कायदा पुकारला गेला. बीजिंगच्या रस्त्यांवर त्याचे कोणाला फारसे काही वाटले नाही. दूरच्या डोंगरातली गडबड, इतकेच. एप्रिलमध्ये हू याओबांग वारले. त्यांच्या शोकासाठी जमलेले विद्यार्थी तिआनआनमेन चौकातून हलेनात. मेमध्ये खुद्द राजधानीत लष्करी कायदा आला आणि जूनच्या चौथ्या तारखेला रणगाडे. ल्हासात मार्चमध्ये जे घडले तेच बीजिंगमध्ये अडीच महिन्यांनी घडले. शेजाऱ्याच्या ओसरीवर पडलेली ठिणगी आपल्या छपरावर यायला किती दिवस लागतात याचा हिशेब चिनी लोकशाहीवाद्यांना त्या उन्हाळ्यात कळला. परदेशी निसटलेल्या त्यांच्यातल्या कित्येकांनी दलाई लामांची गाठ घेतली. खऱ्या अर्थाने माणसांचा माणसांशी संवाद सुरू झाला तो या सुमारास.

वेई जिंगशेंग हे याच्याही आधी जागे झालेले. विजेची कामे करणारा हा बीजिंगचा कारागीर लोकशाही मागितल्याबद्दल १९७९ पासून तुरुंगात होता. १९९२ च्या ऑक्टोबरात त्याने कोठडीतून देंग श्याओपिंग यांना तिबेटविषयी एक लांबलचक पत्र लिहिले. सरकारचे तिबेटविषयीचे अज्ञान आणि अरेरावी यांनीच हा प्रश्न चिघळवला, असा त्याचा मथितार्थ होता. स्वतः बेडीत असताना दुसऱ्याच्या बेडीविषयी लिहिण्याला काय म्हणावे? आपल्याकडे याला माणुसकी म्हणतात. तिथे त्याला गुन्हा म्हणत.

पण सद्भावना असली म्हणजे सगळे समजते असे नाही. याचे उत्तम उदाहरण वांग लिश्योंग या चिनी लेखकाचे. हा माणूस तिबेटात वारंवार हिंडला आणि १९९८ मध्ये त्याने तिबेटच्या भवितव्यावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. २००२ साली लंडनच्या एका नियतकालिकात त्याने एक प्रदीर्घ लेख लिहिला. सांस्कृतिक क्रांतीत मठ पाडणाऱ्यांत तिबेटी लोकही होते. जुन्या देवांच्या भयाची जागा माओंच्या भयाने घेतली. अशी त्याची मांडणी होती. लेख तिबेटींचा कैवार घेणारा, पण सूर जरा वरून बोलणाऱ्याचा. पुढच्याच अंकात त्सेरिंग शाक्य या तिबेटी इतिहासकाराने त्याला खरमरीत उत्तर दिले. दहशतीपुढे वाकलेल्या माणसाच्या कृतीला त्याची संमती म्हणू नये, आणि जिंकलेल्या लोकांच्या मनाचे असे पृथक्करण करणे ही जेत्यांची जुनी खोड आहे, हा त्या उत्तराचा गाभा. सांस्कृतिक क्रांतीचे वेड तर सबंध चीनभर पसरले होते. मग तिबेटी मनातच निराळे काही का शोधावे?

इथे चांगले मित्र कायमचे दुरावले असते. आपल्या साहित्यिकांची भांडणे आठवा म्हणजे पटेल! पण मला मोठे वाटते ते त्या वादाच्या आगेमागे वांग यांनी जे केले ते. ल्हासात त्सेरिंग वोझेर नावाची कवयित्री होती. तिचे वडील चिनी सेनेत अधिकारी. त्यांना छायाचित्रांचा नाद. सांस्कृतिक क्रांतीत ल्हासात काय घडले, मूर्ती कशा फोडल्या, वृद्ध लामांच्या डोक्यावर कागदी टोप्या घालून त्यांची धिंड कशी काढली, हे त्यांनी टिपून ठेवले होते. वडील गेले आणि त्या फिती मुलीकडे राहिल्या. वांग यांचे पुस्तक वाचून १९९९ मध्ये तिने त्या त्यांच्याकडे टपालाने पाठवून दिल्या. तुमच्या कामी येतील, या भावनेने.

दुसरा कोणी असता तर हरखून गेला असता. असा ऐवज कोणत्या संशोधकाच्या हाती आयता पडतो? वांग यांनी तिला कळवले की हे काम माझे नाही, तुमचे आहे. ल्हासाची ही आठवण ल्हासाच्या माणसाने सांगितली पाहिजे. वोझेर मग सहा वर्षे म्हाताऱ्याकोताऱ्यांना ती चित्रे दाखवीत, त्यांच्या आठवणी उतरवीत हिंडली. २००६ मध्ये तैवानात ते पुस्तक निघाले. त्याचे नाव ‘शाजिए’. यात एक मर्म आहे. चिनी आले तेव्हा ‘क्रांती’साठी तिबेटी भाषेत एक नवा शब्द घडवला गेला, ‘सारजे’. तो उच्चार चिनी कानाला ज्या शब्दांसारखा लागतो त्यांचा अर्थ आहे हत्या आणि लूट! एकाच आवाजात दोन भाषांनी सांगितलेला हा इतिहास. आणि तो तिने लिहिला चिनी भाषेत, कारण शाळेने तिला तीच लिहायला शिकवली होती. त्यामुळे चिनी वाचकाला तो थेट, दुभाष्यावाचून वाचता आला.

तत्पूर्वीच, २००३ मध्ये, तिच्या एका लेखसंग्रहावर बंदी आली होती. चूक कबूल कर, असे तिला सांगण्यात आले; तिने नाकारले आणि नोकरी गमावली. ती बीजिंगला आली. २००४ मध्ये तिचा आणि वांग यांचा विवाह झाला. परदेशी जाण्यासाठी पासपोर्ट तिला मिळाला नाही, आणि दारावर पहारा बसणे हे या दांपत्याच्या अंगवळणी पडले.

चिनी प्रचारात हान समाज, म्हणजे तिथला बहुसंख्य समाज, हा सगळ्या जमातींचा थोरला भाऊ असतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्याला हा थोरलेपणा चांगला ठाऊक आहे. तो प्रेम करतो, फीही भरतो, पण धाकट्याचे लग्न, धंदा आणि मत हे सारे तोच ठरवतो. वांग यांनी त्या फिती परत पाठवल्या तेव्हा हा थोरलेपणा खाली ठेवला. माझ्या मते चिनी-तिबेटी संवादाचा खरा आरंभ कुठल्या परिषदेत नसेल इतका त्या एका टपालाच्या पुडक्यात आहे.

* * *

मार्च २००८ मध्ये या सगळ्याची कसोटी लागली. ल्हासात आणि पुढे सबंध तिबेटी पठारावर उद्रेक झाला. १४ मार्चला ल्हासात चिनी दुकाने जाळली गेली आणि त्यांत निरपराध माणसेही मेली, हे लपवण्याचे कारण नाही. सरकारने अठरा नागरिक आणि एक पोलीस ठार झाल्याचे सांगितले. धर्मशाळेने दोनशेहून अधिक तिबेटी मारले गेल्याचे सांगितले. चीनभर संतापाची लाट उसळली. ऑलिंपिकचे वर्ष, देशाभिमान ऐन भरात. अशा वेळी तिबेटींची बाजू घेणे म्हणजे आपल्याच हाताने घरावर धोंडे बोलावणे.

तरीही २२ मार्च रोजी सुमारे तीस चिनी विचारवंतांनी सरकारला बारा सूचना करणारे निवेदन काढले. एकतर्फी प्रचार थांबवा, दलाई लामांशी थेट बोला, निःपक्ष चौकशी होऊ द्या, अशा त्या सूचना. सह्या करणारांत वांग होते आणि लिऊ श्याओबोही होते. लिऊ यांना पुढे दुसऱ्या एका सनदेबद्दल अकरा वर्षांची शिक्षा झाली, २०१० मध्ये तुरुंगातच त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, आणि २०१७ मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. त्याच वसंतात अमेरिकेतल्या एका विद्यापीठात तिबेटच्या बाजूचे आणि चीनच्या बाजूचे विद्यार्थी समोरासमोर ठाकले होते. अरे, जरा एकमेकांशी बोला, म्हणून एक चिनी मुलगी मध्ये उभी राहिली. तिला तिच्याच देशबांधवांनी देशद्रोही ठरवले आणि दूर मायदेशी तिच्या आईवडिलांना घर सोडून लपावे लागले. मध्ये उभ्या राहणाऱ्याला दोन्हीकडचे दगड लागतात; इथे आपल्याकडचेच अधिक लागले.

त्या वर्षी पकडलेल्या तिबेटींची वकिली फुकट करू म्हणून काही चिनी वकील पुढे आले. त्यांतले तेंग बियाओ आणि च्यांग तियान्योंग यांच्या सनदांवर गदा आली. शू झियोंग या कायदेपंडिताच्या संस्थेने माणसे पाठवून उद्रेकामागची सामाजिक आणि आर्थिक कारणे शोधली. पैसा आला पण तिबेटी तरुणाच्या हाती आला नाही, विकास झाला पण त्यात त्याला जागा नव्हती, असा अहवाल २००९ मध्ये दिला. काही महिन्यांत ती संस्थाच बंद करण्यात आली. २००९ पासून दीडशेहून अधिक तिबेटींनी स्वतःला पेटवून घेतले. त्यांतल्या एका अठरा वर्षांच्या मुलाच्या घरी सांत्वनाला जाण्यासाठी हेच शू २०१२ मध्ये दुर्गम डोंगरात गेले आणि त्यावर त्यांनी लेख लिहिला. आज ते चौदा वर्षांची सजा भोगत आहेत. ती अन्य राजकीय आरोपांवरून २०२३ मध्ये झाली.

मे २०१० मध्ये वांग यांनी आणखी एक खटाटोप केला. चिनी लोकांनी दलाई लामांना प्रश्न विचारावेत, कोणते प्रश्न घ्यायचे ते लोकांनीच मते देऊन ठरवावे, आणि उत्तरे ट्विटरवर प्रसिद्ध व्हावीत. शेकडो चिनी माणसांनी त्यात भाग घेतला. पुढल्या जानेवारीत तेंग आणि च्यांग हे दोन वकील पडद्यावरून दलाई लामांशी समोरासमोर बोलले. महिनाभराने दोघांनाही पोलिसांनी उचलले.

* * *

कोणी म्हणेल, ही मूठभर माणसे! खरे आहे. २०२० च्या खानेसुमारीप्रमाणे चीनमध्ये हान सुमारे १२८ कोटी आणि तिबेटी सुमारे ७० लाख. एका तिबेटी माणसासमोर एकशे ऐंशी हान. अशा बैठकीत एकशे ऐंशी जणांनी नुसते खाकरले तरी एकाचे बोलणे बुडून जाते. शिवाय जे हान आपुलकीने बोलतात त्यांच्यातही पुष्कळ जण म्हणतात, आधी चीनमध्ये लोकशाही येऊ द्या, मग तुमचे बघू. तिबेटी माणसाला यात पुन्हा तो थोरला भाऊ दिसतो. तो म्हणतो, तुमची लोकशाही येईपर्यंत आमची भाषा उरेल काय?

ही भीती पोकळ नाही. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी म्हटले की सुमारे दहा लाख तिबेटी मुले घरापासून दूर सरकारी निवासी शाळांत आहेत आणि तिथले शिक्षण मुख्यतः चिनी भाषेतून चालते. चीन सरकार हा आरोप नाकारते. पण मूल सुटीत घरी येऊन आजीशी बोलताना अडखळू लागले, तर त्या घराला कोणता खुलासा पुरेल? मराठी शाळांची काळजी वाहणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

सरकारांचे बोलणे केव्हाच थांबले. २००२ ते जानेवारी २०१० या काळात दलाई लामांचे दूत आणि बीजिंगचे अधिकारी यांच्यात चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या. नंतर उघड फेरी झालेली नाही. जुलै २०२५ मध्ये, नव्वदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, दलाई लामांनी जाहीर केले की आपली परंपरा पुढे चालेल आणि वारस शोधण्याचा अधिकार आपल्या संस्थेचाच राहील. बीजिंग म्हणते, मान्यता आमची हवी. म्हणजे उद्याचे भांडण आजच मांडून ठेवलेले आहे.

पण माणसांचे चालूच आहे, आणि कधी कधी ते शब्दांवाचूनही चालते. २०२२ च्या ऑक्टोबरात ल्हासात साथीची टाळेबंदी अडीच महिने लांबली, तेव्हा लोक रस्त्यावर आले. त्यांत बरेचसे पोटासाठी तिथे आलेले हान मजूर होते. आम्हांला घरी जाऊ द्या, एवढेच त्यांचे मागणे. पहाऱ्यात राहणे म्हणजे काय असते, हे ल्हासाच्या शेजाऱ्यांनी त्यांना कधी सांगितले नसेल. ते त्या दिवसांनी सांगितले.

आणि अखेरीस ताशी वांगचुक यांची हकीगत. यूशू गावचा हा दुकानदार. पुतण्या-भाच्यांना तिबेटी लिहायला-वाचायला शिकवणारी शाळा उरली नाही, म्हणून तो कायद्याने दाद मागायला बीजिंगला गेला. २०१५ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राच्या चित्रफितीत तो त्याविषयी बोलला. जानेवारी २०१६ मध्ये त्याला अटक झाली. आरोप, फुटीरतेला चिथावणी. त्याचा खटला चालवायला उभे राहिले लियांग श्याओजुन आणि लिन छीलेई हे दोन हान वकील. देशाच्या घटनेचे चौथे कलम सर्व जमातींना आपापली भाषा वापरण्याचे आणि वाढवण्याचे स्वातंत्र्य देते. या माणसाने त्याच घटनेकडे बोट दाखवले होते. तरी २०१८ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून तो २०२१ च्या जानेवारीत सुटला. त्याच वर्षाच्या अखेरीस लियांग यांची वकिलीची सनद अन्य कारणे दाखवून रद्द करण्यात आली.

खटला हरला, सनद गेली. मग मिळाले काय, असे व्यवहारी मन विचारते. मिळाले ते एवढेच. एका तिबेटी दुकानदाराने आपल्या मुलांच्या अक्षरांसाठी तुरुंग पत्करला, तेव्हा कोर्टात त्याच्या शेजारी दोन चिनी माणसे उभी होती. ती त्याच्या वतीने त्याचा देश मागत नव्हती आणि त्याला थोरल्या भावासारखा उपदेशही करीत नव्हती. त्याला जे बोलायचे होते ते बोलण्याचा त्याला हक्क आहे, इतकेच ती सांगत होती. आपण यापुढे ‘चिनी’ असा शब्द उच्चारू तेव्हा त्यात ही दोन माणसेही मोजावीत, आणि ‘तिबेटी’ म्हणू तेव्हा माळ ओढणाऱ्या भोळ्या जिवाबरोबर घटनेचे कलम हाती घेऊन राजधानीला गेलेला तो दुकानदारही आठवावा.